चक्कीवाल्या सरोजचा सोहर

आधीच सांगते, मी रडूबाई नाही. आई गेली तेव्हा सांगलीला जाऊन सगळं निस्तरलं, तेराव्याला पंगती वाढल्या, वहिनीशी पितळेच्या भांड्यांवरून दोन शब्दही झाले, पण डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. आमचे हे, माधव, म्हणतात, "विनया, तुझ्या डोळ्यांचा नळ तपासून घ्यायला हवा." हे आंब्याचे शास्त्रज्ञ. सगळी नोकरी मलिहाबादच्या बागांमध्ये दशहरीच्या मोहोरावरचे रोग बघण्यात गेली, त्यामुळे समोरच्यात काहीतरी बिघाड असणारच असं धरूनच बोलतात. तर अशा मला जिने रडवलं, त्या सरोजबद्दल सांगायचंय.

सरोजची लखनौत आमच्या तेलीबागच्या गल्लीत पिठाची चक्की आहे. नवरा गेल्यापासून तीच चालवते. भुवयांवर पीठ, केसांवर पीठ, साडीचा मूळ रंग कुठला ते दिवाळीलाच कळतं. मशीनच्या घरघरीत बोलून बोलून तिचा आवाज असा चढलाय, की तुमच्या कानाशी उभी असली तरी ओरडूनच बोलणार. "दीदी, मोटा पीसें कि महीन?" हे ती अशा पट्टीत विचारते, की कोपऱ्यावरच्या सब्जीवाल्यानं उत्तर द्यावं.

पहिल्यांदा मी ज्वारी घेऊन गेले तेव्हा डब्यात डोकावून ही बाई पोट धरून हसली. "अरे दीदी, ये तो हमरे यहाँ भैंस खाती है!"

माझी तळपायाची आग मस्तकात. "मग मलाच भैंस समज. दळ!"

तिनं दळून दिलं. वर म्हणाली, हिची रोटी करतात तरी कशी ते दाखव. दुसऱ्या दिवशी आमच्या ओट्याशी उभी राहून तिनं भाकरी थापायचा प्रयत्न केला, ती परातीतच फाटली, आणि दोघी हसून हसून खाली बसलो. भांडणातून जुळलेली मैत्री पक्की असते म्हणतात, ते खरं असावं.

ही गाते, हे मला कितीतरी दिवस ठाऊकच नव्हतं. त्या आवाजाची बाई गाईल असं कोणाला वाटेल, सांगा!

आईचं उरकून मी लखनौला परतले, त्याच आठवड्यात शेजारच्या घरी राघव जन्मला. इकडे मूल झालं की आयाबाया ढोलक घेऊन जमतात आणि बाळंतिणीपुढे गाणी म्हणतात. त्या गाण्याला सोहर म्हणतात. मला बोलावणं आलं. मी भाजी घेऊन येत होते, म्हटलं दोन मिनिटं टेकावं आणि निघावं. बघते तर मधोमध सरोज बसलेली. हातपाय स्वच्छ धुतलेले, डोक्यावर पदर, मांडीखाली ढोलक. शेजारी एक जण चमचा घेऊन ढोलकाच्या लाकडावर ठेका धरायला तयार.

सरोजनं डोळे मिटले आणि सुरुवात केली. आणि तो आवाज! रोजचा तो चढा, खरखरीत आवाज कुठल्या कुठे खाली उतरला. इतका खाली, की सगळ्या बायका आपोआप पुढे सरकल्या. गाण्यातल्या बाईला कळा सुरू झाल्यात. सासरी ती एकटी आहे. ती दाराकडे बघून म्हणते, कोणीतरी माझ्या आईला बोलवा हो. आई नदीपलीकडे आहे आणि होडी या काठाला नाही. एवढंच. सरोज ते 'आईला बोलवा' पुन्हा पुन्हा म्हणायची, आणि दर वेळी वाटायचं, ही आता खरंच उठेल आणि आईला घेऊन येईल.

मला काय झालं ते मलाच कळलं नाही. पालकाची जुडी छातीशी धरून मी हमसून हमसून रडले. चारचौघींत, परक्या घरात, नाक पुसायला रुमाल नाही. कोणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, कारण प्रत्येकीची तीच गत होती. गाणं संपलं तेव्हा बाळंतीण लाजून पदर सावरत होती, तिचं पोलकं भिजलं होतं. दोन दिवस दूध येत नाही म्हणून घर काळजीत होतं म्हणे. म्हाताऱ्या एकमेकींकडे बघून माना डोलवत होत्या. सरोज गायली की दूध उतरतं, असं आमच्या गल्लीत मानतात.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "हार्मोनचा परिणाम असतो तो. भावना अनावर झाल्या की होतं."

"मग तुमच्या त्या हार्मोनला ढोलक घेऊन बसवा एकदा," मी म्हटलं.

त्यानंतर जिथे बोलावणं आलं तिथे मी गेले, आणि दर वेळी पदर ओला करून आले. सरोजचं माहेर रायबरेलीकडचं एक खेडं. तिची आई गायची, आजी गायची, हिनं लहानपणी चमचा धरून ठेका दिला आणि गाणी अंगात भिनली. शिकायला अशी कोणाकडे गेलीच नाही. एकदा कोणीतरी तिला मोठ्या सभागृहात लोकगीतांच्या कार्यक्रमाला नेलं. नवी साडी नेसून, माईकसमोर बसून तिनं दोन ओळी म्हटल्या आणि थांबली. लोकांना वाटलं घाबरली. मी नंतर विचारलं तर म्हणाली, "सामने जच्चा ही नहीं थी दीदी. किसके लिए गाते?" समोर बाळंतीण नसली की हिचं गाणं फुटतच नाही.

आता माझ्या मुक्ताचं सांगते, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

मुक्ता माझी एकुलती एक. पुण्यात बँकेत आहे. बाळंतपणाला इथे आली. फार कठीण गेलं तिला. मुलगी झाली, गोरीपान, डोक्यावर हे एवढं जावळ. मी तर हॉस्पिटलातच नाचायची बाकी होते. पण मुक्ता बाळाकडे बघेचना. नर्सनं कुशीत दिलं की ती छताकडे बघायची. "आई, तू घे ना तिला," एवढंच. दूधही येत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, असं होतं काही जणींना, औषध देते, तिला एकटी सोडू नका, बोलत राहा. जावई अनुप बिचारा रजा वाढवून बसला होता आणि चहा करण्यापलीकडे त्याला काही सुचत नव्हतं. मी वरून खंबीर, आतून मात्र पार हादरले होते. माझी लेक माझ्यासमोर बसलेली, आणि ती तिथे नव्हतीच.

माझ्या डोक्यात एकच आलं. सरोज. तिला बोलावते, ती गाईल, ही रडेल, मोकळी होईल, बाळाला जवळ घेईल.

आणि मी हात दाखवून अवलक्षण केलं. राघवच्या वेळी त्याच्या आजीनं दारात उभं राहून काशाची थाळी बडवली होती, ती ऐकून सगळी गल्ली जमली होती. माझ्या ते चांगलं लक्षात होतं. मुक्ताला आणि बाळाला घरी आणलं, ओवाळून आत घेतलं आणि लगेच मी फाटकात जाऊन थाळी बडवली. अशी बडवली, की समोरच्या कडुलिंबावरचे कावळे उडाले. अनुप म्हणाला, "आई, हे काय?" मी म्हटलं, "गप रे. इथली रीत आहे."

झालं! पाचेक मिनिटांत अंगण भरलं. सरोज चक्की बंद करून, हात धुऊन, ढोलक घेऊन हजर. गल्लीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या चंद्रप्रभा अम्मा, ऐंशीच्या पुढच्या, काठी टेकत आल्या. त्यांनी होय म्हटल्याशिवाय गल्लीत लग्नाचं कार्यसुद्धा ठरत नाही. "बेटा मुबारक हो!" "लल्ला कैसे हैं?" असा एकच कल्ला.

"लल्ला नाही हो, मुलगी! बिटिया हुई है!" मी अगदी मिरवत सांगितलं.

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मग कोणीतरी म्हणालं, "कोई बात नहीं दीदी, लक्ष्मी आई है." काचेचा ग्लास फुटल्यावर पाहुण्याला म्हणतो ना 'असू दे, असू दे', अगदी तसं.

चंद्रप्रभा अम्मांनी काठी आपटली. "थरिया काहे बजायो? बिटिया मा सोहर नाहीं गावा जात."

मुलगी झाली तर थाळी वाजवत नाहीत. सोहर म्हणत नाहीत. इतकी वर्षं या गल्लीत राहून मला हे माहीत नव्हतं! कसं कळणार? ज्यांनी बोलावलं त्यांच्याकडे गेले. ज्यांनी बोलावलं नाही, त्यांचं मला वाटायचं, आपण पडलो परप्रांतातले, राहिलं असेल बोलवायचं. आता एकेक घर डोळ्यांपुढे आलं आणि कळलं, त्या प्रत्येक घरी मुलगी झाली होती. आमच्याकडे मुलगा असो की मुलगी, बारशाला पाळणा म्हणतातच. तोच हिशेब मी इथे लावला होता.

मी सरोजकडे बघितलं. ती ढोलकाच्या दोऱ्या उगाच ओढत बसली होती. "हमें आता ही नहीं, दीदी," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच हळू बोलली. "बिटिया का एक्कौ सोहर नहीं है."

मागे वळले तर मुक्ता दारात उभी. तिनं सगळं ऐकलं होतं. कोणी काही बोलायच्या आत ती आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

संध्याकाळी मी तिच्याजवळ जाऊन बसले. ती म्हणाली, "सगळ्यांना वाईट वाटलं ना, आई? मला तर तेवढंही नाही वाटत गं. तिच्याकडे बघून मला काहीच वाटत नाही. मी कसली आई?" हे तिनं अगदी सपाट आवाजात सांगितलं. रडली असती तर मी सांभाळून घेतलं असतं. तिच्या डोळ्यांत पाणीच नव्हतं. नळ तपासायची पाळी आता तिच्यावर आली होती, आणि ते आपल्या पोरीत बघणं फार वाईट असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तणतणत चक्कीवर गेले. गिऱ्हाइकं होती, तरी सगळ्यांच्या देखत सुरू झाले. "माझी पोर तिकडे मिटत चाललीय, आणि तू रीतभात घेऊन बसलीस? गाण्याला कळतं का गं, समोर मुलगा आहे की मुलगी?"

सरोजनं मशीन बंद केलं. चालू मशीन तिनं बंद केलेलं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

"हमरी भी दो बिटियाँ हैं, दीदी," ती म्हणाली. "दोघींच्या वेळी या गल्लीत कोणी ढोलक काढलं नाही. दुसऱ्या कोणी कशाला, गाणारी तर मीच होते. खाटेवर पडून होते, पोर कुशीत होती, गळा शाबूत होता. मी स्वतः तरी गायले? तोंडच उघडलं नाही. जे माझ्या पोरींना दिलं नाही, ते आता कुठून आणू?" हे ती तिच्या हिंदीत बोलली, पण मला अजून मराठीत आठवतं, कारण ते माझ्या काळजात तसंच उतरलं. "और अम्मा ने मना किया है. एकदा मुलीसाठी गायले तर अपशकुनी ठरेन. मग मला कोण बोलावणार?"

हिचं सगळं देणंघेणं, मानपान, गल्लीतली जागा त्या गाण्यावर उभी होती, हे मला दिसत होतं. पण मला माझी पोर दिसत होती. "मग बस पीठ दळत," असं म्हणून मी निघून आले. वाईट बोलले. पण राग आला की माझी जीभ माझी राहत नाही.

पुढचे दोन दिवस तसेच गेले. डॉक्टरीणबाई फोनवर धीर देत होत्या, औषध चालू होतं, बाळ बाटलीवर. तिसऱ्या दुपारी लाइट गेली. गल्लीतले कूलर, पंखे, चक्की, सगळं बंद पडलं. तेवढ्यात फाटक वाजलं. बघते तर सरोज. केसांत पीठ तसंच, हात मात्र धुतलेले, काखेत ढोलक. सरळ मुक्ताच्या खोलीत गेली आणि पलंगाच्या खाली जमिनीवर बसली.

"बिटिया, इधर मत देखो, कोई बात नहीं," ती मुक्ताच्या पाठीला म्हणाली. "नया है. चूक होईल. तू फक्त ऐक." आणि तिनं डोळे मिटले.

अँगना उतरि आई अँजोरिया,
बिटिया जनमि आई हो...

अंगणात चांदणं उतरलं, लेक जन्माला आली. चाल तिची जुनीच होती, शब्द त्या दोन दिवसांत पीठ दळता दळता जुळवलेले. मध्येच अडायची. एक ओळ विसरली, मागे गेली, पुन्हा उचलली. पण आवाज! मी इतक्या वेळा ऐकलेला तो आवाज त्या दुपारी वेगळाच होता. इतकी वर्षं ती दुसऱ्यांच्या मुलग्यांसाठी गात आली होती. त्या दुपारी तिच्या गळ्यातून जे आलं ते तिनं जन्मभर अडवून धरलेलं होतं. मला भीती वाटली, खरंच सांगते. माणसाच्या गळ्यात एवढं मावतं? खोलीतली हवासुद्धा थांबून ऐकतेय असं वाटलं. हे दारात उभे होते, चष्मा हातात, गालांवरून पाणी वाहतंय आणि पुसायचं भान नाही. हार्मोनबिर्मोन काही बोलले नाहीत. अनुप बाळाला घेऊन तिथेच भिंतीला टेकून खाली बसला.

सोहरात आईचं नाव घालतात. सरोजनं मुक्ताचं घातलं. मुक्ताच्या अंगणात चांदणं उतरलं, मुक्ताची लेक आली. पुन्हा मुक्ता. पुन्हा मुक्ता. कोणीतरी लांबून हाका मारत जवळ येत होतं जणू.

मुक्ताची पाठ हलायला लागली. आधी मला वाटलं ठसका लागला. मग तिच्या तोंडून असा हंबरडा फुटला, की मी धावले. सरोजनं एका हातानं मला थांबवलं आणि दुसऱ्या हातानं ठेका चालूच ठेवला. मुक्ता रडली, खूप रडली. मग कूस वळवून उठून बसली, आणि अनुपकडे हात पुढे केले. "दे," म्हणाली. "माझी आहे ना ती."

बाळाला छातीशी धरून ती त्या एवढ्याशा चेहऱ्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे बघून अगदी नवलानं म्हणाली, "आई, पोलकं भिजलं गं."

एका गाण्यानं सगळं बरं झालं, असं मी म्हणणार नाही. औषध पुढे कितीतरी महिने चाललं, वाईट दिवसही आले. पण माझी पोर त्या दुपारी परत आली, हे मी डोळ्यांनी बघितलं. मी सरोजच्या पाया पडायला वाकले, तर ती ओरडली, "अरे, पागल हो गई हो दीदी!" अगदी चक्कीवरच्या आवाजात.

लाइट नसल्यामुळे गल्लीत चिडीचूप होती, त्यामुळे गाणं घरोघर गेलं होतं. बघते तर आमच्या अंगणात बायका उभ्या. कोणी हाक मारली नव्हती, थाळी वाजवली नव्हती. एकीनं तिच्या चौथीतल्या पोरीला हाताला धरून आणलं होतं. एकीची लेक कॉलेजात जाते, जीन्स घातलेली, ती आईच्या मागे लाजून उभी. "इनका भी गा दो, सरोज," ती आई म्हणाली. "देर तो हो गई है, पर गा दो." आणि ती उंच पोर आईच्या मांडीवर डोकं ठेवून आमच्या चटईवर चक्क आडवी झाली. सरोजनं तिच्या आईचं नाव घालून गायलं. मग चौथीतलीचं.

तेवढ्यात काठीचा आवाज आला. चंद्रप्रभा अम्मा. बायका आपोआप बाजूला झाल्या. सरोजचा हात ढोलकावरच थांबला आणि तिचा चेहरा उतरला. मी मनात कंबर कसली. म्हटलं, आता ही म्हातारी एक शब्द बोलू दे, मग सांगते.

अम्मा आत आल्या. काठी भिंतीला लावली, गुडघ्यावर हात ठेवत, कण्हत, चटईवर बसल्या.

"सरोज," मग त्या म्हणाल्या, "हमार गाय देव."

सरोजला समजलं नाही. "क्या, अम्मा?"

"हमार सोहर. हमहूँ तौ बिटिया रहेन."

माझा सोहर गा, मीही कोणाची तरी लेकच होते, असं म्हणत होत्या त्या. माझ्या ओठांवर आलेलं सगळं भांडण मी गिळून टाकलं. सरोजनं पदरानं तोंड पुसलं आणि हलकेच त्यांच्या आईचं नाव विचारलं, "महतारी का नाँव बताओ, अम्मा."

अम्मांनी तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. साठ-पासष्ट वर्षांत त्यांना हे कोणी विचारलं नसणार. अमक्याची सून, तमक्याची बायको, मग अम्मा, मग बडी अम्मा. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलले.

"रामदुलारी," त्या म्हणाल्या.

सरोजनं ठेका धरला. रामदुलारीच्या अंगणात चांदणं उतरलं, रामदुलारीला लेक झाली. अम्मा पाय पसरून, तोंड उघडं टाकून ऐकत होत्या. गाणं संपल्यावर त्यांनी हात लांब करून सरोजचा गुडघा धरला.

"हमरी अम्मा का नाँव फिर से लेव," त्या म्हणाल्या.

सरोजनं घेतलं.